जायलाव म्हणजे ॲम गोइंग

त्या वर्षी आमच्या पालम गावात माझ्या तोंडी सकाळ-संध्याकाळ दोनच शब्द असायचे. पुन्हा बोल. ट्यूशनला आलेलं कुणी पोरगं चुकून "सर, मी लिवायलाव" म्हणालं की मी पट्टी फरशीवर आपटायचो. "पुन्हा बोल." मग ते बिचारं "मी लिहीत आहे" असं कसंबसं म्हणायचं आणि सुटलो एकदाचा म्हणून खाली बसायचं. मला वाटायचं, मी यांची जीभ सुधारतोय. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक द्यावीशी वाटते.

परभणीहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो आणि घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणायचं खरं, पण बसवत नव्हतंच. सकाळी सहा ते आठ ओसरीवर दहावीच्या अकरा पोरापोरींची ट्यूशन, इंग्रजी आणि गणित. ती उठली की मी एसटी स्टँडवर. तिथं टपालाची पिशवी उतरायची. मुलाखतीचं पत्र आलं का ते बघायचं, नाही म्हटलं की परत घरी, घरात दोन चकरा, की पुन्हा स्टँडवर. पोस्टमन मला लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. आई म्हणायची, "अरे बस की जरा एका जागी. बघून बघून माझं डोकं गरगरायलंय." मी आईलासुद्धा म्हणायचो, "गरगरतंय म्हण." ती म्हणायची, "तुझं तू म्हण. माझं गरगरायलंय."

हे शुद्ध भाषेचं खूळ मला कॉलेजात चिकटलं. पहिल्याच वर्षी सरांनी वर्गात विचारलं, काय करतोस रे मागं? मी उभा राहून म्हणालो, "सर, नोट्स काढायलाव." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. हसून सोडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण माझं नावच काढायलाव पडलं. मेसमध्ये काढायलाव, लायब्ररीत काढायलाव. ज्यांनी ठेवलं त्यातले निम्मे जिंतूर-सेलूकडचे, घरी गेल्यावर स्वतः काढायलाव म्हणणारे! तेव्हापासून मी त्या 'यलाव'चा असा दुस्वास केला की स्वप्नातसुद्धा 'करत आहे' म्हणत असेन.

माझी धाकटी बहीण त्या ट्यूशनमध्येच बसायची. ती दोनदा नापास झालेली. मार्चला इंग्रजीत सत्तावीस, ऑक्टोबरला एकतीस. बाकी सगळे विषय सुटलेले, आणि गणितात तर तिला शंभरातले ब्याण्णव. पस्तीसला चार कमी, एवढ्यासाठी पोरगी घरी.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, जी तेव्हा मी गावात कुणाला कळू दिली नव्हती. माझ्या ट्यूशनमध्ये गणित मी शिकवत नव्हतो. मला येतच नव्हतं. बीजगणिताचं पुस्तक उघडलं की मी ते तसंच मिटायचो. मी सात वाजता इंग्रजी संपवून "आता गणित काढा" असं मोठ्या रुबाबात म्हणायचो आणि पाणी प्यायला आत जायचो. तेवढ्यात ती खडू घेऊन उठायची. दाराच्या फळीवर उदाहरण मांडायची, हलक्या आवाजात सांगायची, "हे बघा, दोन्हीकडं काय सारखं हाय? ते कंसाच्या बाहेर काडा. मग आत काय उरलं?" पोरं पटापटा लिहायची. गावात नाव माझं व्हायचं. सरांचं गणित लय पक्कं!

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी बंद, कधी मोर्चा, कधी एसटीच्या काचा फुटायच्या आणि मग दोन दोन दिवस गाडी नाही. ट्यूशनमध्ये बौद्धवाड्यातल्या दोन पोरी यायच्या. एका पोराच्या वडलांनी दारात येऊन मला विचारलं, यांना जरा अलग बसवता येत नाही का? मी घुटमळलो. खोटं कशाला बोलू, घुटमळलोच. बहीण खडू न थांबवता म्हणाली, "काका, ज्याला अवयव पाडता येत न्हाईत त्याला येणाऱ्याजवळ बसवलंय. तुमच्या पोराला येत न्हाईत." काका गेले. पोरगं तिथंच बसून राहिलं, आणि मी आत जाऊन खामखा आणखी एक तांब्या पाणी प्यालो.

तिला पुढं गणितच शिकायचं होतं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, ऑक्टोबरच्या निकालानंतर तिला शब्द दिला होता. ते गावातल्याच शाळेत क्लार्क. "मार्चला इंग्रजी काडून दाखव, परभणीला अकरावी सायन्सला घालतो." त्या शब्दावर ती जगत होती. चुलीपुढं भाकऱ्या थापताना स्पेलिंग पाठ करायची. पिठाच्या परातीत बोटानं इंग्रजी अक्षरं काढायची आणि आई ओरडायच्या आत पुसून टाकायची.

आणि संक्रांतीच्या आठवड्यात मानवतची मंडळी येऊन तिला बघून गेली. तिला सांगितलं, लांबचे पाहुणे आहेत. मलाही तसंच वाटलं होतं. ते गेल्यावर अण्णांनी मला मागच्या दारी नेलं.

"हे बघ, माणसं चांगली हायेत. पोरगा जिनिंगमधी कामाला हाय, निर्व्यसनी हाय. त्यांची एकच अट हाय, पोरगी दहावी पास पाह्यजे. तू तेवढी तिला मार्चला काडून दे. उन्हाळ्यात लगीन."

"आणि अकरावी?"

"ते लोक शिकवतेल न्हाईतर न शिकवतेल. त्यांचा प्रश्न. तिला आत्ताच सांगू नको. अभ्यासातून मन उडंल."

अण्णा काही वाईट माणूस नव्हते. पोरगी दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदाही झाली तर कोण विचारणार, ही काळजी त्यांना आतून पोखरत होती. मला हे कळत होतं. पण कळून काय उपयोग? मी मान हलवली. चांगला बी.ए. झालेला घोडा, मी मान हलवली!

म्हणजे आता असं झालं. ती पास होण्यासाठी जीव काढत होती, आणि पास झाली की तिचं लग्न होणार होतं. ते तिला ठाऊक नव्हतं, मला होतं, आणि तिला पास करायचं काम माझ्यावर होतं. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पुस्तक उघडून तिच्या डोळ्यात बघायची सोय राहिली नाही, म्हणून मी तिच्यावर खेकसायला लागलो. माणूस असाच असतो. ज्याचं आपण वाईट करतो त्याच्यावरच आपला जास्त राग.

तिचं घोडं अडायचं ते काळांपाशी. कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप घाला, म्हटलं की तिच्या तोंडाला कुलूप. मी म्हणायचो, "मी जात आहे. बोल. मग आय ॲम गोइंग." ती डोळे मिटून बसायची. ओठ हलायचे. एकेका वाक्याला मिनिट मिनिट. एक दिवस माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"एवढा वेळ कशाचा लागतो तुला? साधं वाक्य आहे!"

"दादा, मी आधी मनात म्हणते मी जायले. मग तू रागावशील म्हणून ते पुसते. मग जात आहे आठवते. मग त्याचं इंग्रजी करते." आणि वर म्हणाली, "जात आहे असं कोण म्हणतंय दादा? ते रेडिओवर म्हणतेत."

अकरा पोरांपुढं म्हणाली. पोरं खाली बघून हसायला लागली. मी पट्टी आपटली. "पुन्हा बोल!" ती उभी राहिली, बोलली, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी स्टँडवरून परत आलो, पत्र आलेलं नव्हतंच, आणि बघतो तर ओसरीवरच्या फळीवर खडूनं असं लिहिलेलं:

जा-यला-व
करा-यला-व
लिवा-यला-व

मधला 'यला' प्रत्येक ठिकाणी अधोरेखित. शेजारी मोठा कंस. त्याच्याबाहेर 'यला' आणि त्याखाली लिहिलं होतं, इंग. पुढं तीन ओळी. व म्हणजे ॲम. स म्हणजे आर. य म्हणजे इज. ती खडूचे हात ओढणीला पुसत बाजूला उभी होती.

"हे काय आहे?"

"सामाईक अवयव काडला. आपल्यात बी ते तसंच हाय की दादा. जा ला यला लावलं, गो ला इंग लावलं. मग कोण जायलंय ते शेवटाला कळतं. जायलाव, ॲम गोइंग. जायलास, आर गोइंग. जायलाय, इज गोइंग. तुझ्या जात आहे मधी जात वेगळं, आहे वेगळं, माझा तिथंच घोळ व्हायलता. व्हायलता म्हणजे वॉज." आणि ती स्वतःवरच खूश होऊन हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या एका गोष्टीसाठी माझी तीन वर्षं टर उडवली गेली, ती हिनं ओसरीवर फळ्याएवढी लिहून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मी ओरडलो, "ही गावंढळ भाषा तू इंग्रजीत घुसवायलीस?"

मग ती म्हणाली, "यू आर घुसविंग."

आई आतून हसली. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग कळलं. रागात माझं शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेलं होतं आणि खालून माझं स्वतःचं वर आलं होतं. मलाही हसू फुटलं. लय दिवसांनी. मी खाली बसलो आणि ती फळी नीट वाचली. बी.ए.ला तीन वर्षं इंग्रजीचं व्याकरण घोटलं होतं, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला स्वतःला दिसलं नव्हतं. दिसणार कसं? मी त्या शब्दाकडं बघतच नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून ट्यूशनची कळाच बदलली. पोरं एकमेकांना गाठून सांगायची, तू खायलास, आर ईटिंग. म्हैस चरायलीय, इज ग्रेझिंग. मध्ये एक भानगड झाली. ती 'मला कळायलंय' म्हणून 'आय ॲम अंडरस्टँडिंग' लिहायला लागली, सगळ्यालाच इंग जोडायला लागली. मी सांगितलं, कळणं, पाहिजे असणं, माहीत असणं, यांना जोडायचं नाही. तिनं वहीत एक चौकट केली आणि वर लिहिलं, यांना कंसात घेऊ नये. संपलं. सराव पेपरात तिला बेचाळीस पडले. मी ती वही अण्णांना दाखवली. अण्णा एवढे खूश झाले की मी अर्ध्या ताटावरून उठलो.

आणि मग ती सकाळ. परीक्षेला दहा-बारा दिवस उरले असतील. ट्यूशन भरलेली. बाहेर अण्णा शाळेत जायच्या आधी समोरच्या दुकानदाराशी उभे राहून बोलत होते. आवाज मोठा होता त्यांचा. ओसरीवर सगळ्यांना ऐकू आलं.

"हौ, पोरीचं औंदा उन्हाळ्यात लगीन करायलाव. मानवतला दिली."

पोरं लिहायची थांबली. ती फळीपाशी होती. तिनं खडू खाली ठेवला नाही. माझ्याकडं वळली आणि अगदी वर्गात विचारतात तसं विचारलं.

"सर, एक शंका हाय." एरवी ती मला ट्यूशनमध्येसुद्धा दादाच म्हणायची. "करायलाव म्हणजे आत्ता चाललेलं ना? मग उन्हाळ्यात लगीन करायलाव कसं म्हणलं? ते तर अजून झालंच न्हाई."

मला तिच्याकडं बघवत नव्हतं. मी पुस्तकाकडं बघून म्हणालो, "पुढची गोष्ट असली, पण पक्की ठरलेली असली, की तिला असंच म्हणतात. आपल्यातही. इंग्रजीतही. तेच रूप."

"म्हणजे ठरलंय?"

"हो."

"तुमाला म्हायीत होतं?"

तुमाला. मला आयुष्यात कुणी एवढ्या लांब ढकललं नाही. मी म्हणालो, हो. ती वळली आणि पोरांना म्हणाली, "लिवा पुढचं." समीकरण अर्धं राहिलं होतं, ते तिनं पूर्ण केलं. खडू दोनदा तुटला.

त्यानंतर ती रडली असेल तर मला दिसलं नाही. मी ओसरी ते स्टँड, स्टँड ते ओसरी. अण्णांशी बोलावं म्हणून चारदा शाळेपर्यंत गेलो आणि चारदा गेटवरून परत आलो. काय बोलणार होतो? स्वतःच्या खिशात दमडी नाही, नोकरी नाही, आणि तिला परभणीला ठेवा म्हणून कुणाच्या जिवावर सांगायचं? हे कारण खरं होतं. पण त्याच्यामागं दुसरंही होतं. मला अण्णांची भीती वाटत होती. चोवीस वर्षांचा झालो तरी वाटत होती.

परीक्षेचं सेंटर गंगाखेडला होतं. बंदची कुणकुण होती, म्हणून मी तिला आदल्या दिवशीच मावशीकडं घेऊन गेलो. पूर्ण रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत होती. पेपर सुरू झाला आणि मी शाळेच्या भिंतीलगत फेऱ्या मारायला लागलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावलं आहेत ते मला आजही झोपेतून उठवून विचारा. मनात एकच. ही कोरा पेपर देऊन येईल. आणि दिला तर मी कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

ती बाहेर आली. बोटांना शाई.

"कसा गेला?"

"लिवला समदा."

"मला वाटलं होतं..."

"काय, कोरा देईन?" ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "नापास झाले तर मानवतचं मोडंल, मग दुसरं कोणतं तरी गाव बघतेल. पास झाले तरी लगीनच. मग पास होऊनच बघावं म्हणलं, दादा."

दादा म्हणाली. मी तिथं भर रस्त्यात खाली बसून रडलो. ती म्हणाली, "अय्य, ऊठ बरं, लोकं बघायलेत." आणि मग, अगदी हळू, "आर लुकिंग."

मे महिन्यात पत्र आलं. परभणीजवळच्या पिंगळीच्या एका शाळेत, रजेवर गेलेल्या मास्तरांच्या जागी. मुलाखतीत त्यांनी विचारलं, खेड्यातल्या मुलांना इंग्रजी काळ कसे समजावता? मी ताठ बसून पुस्तकातलं उत्तर दिलं. फळीवरच्या कंसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला लाज वाटली. साहेब म्हणाले, तुमची भाषा फार शुद्ध आहे हो, तिकडची वाटत नाही. नोकरी मिळाली. परतीच्या गाडीत ते वाक्य मला असं टोचत राहिलं की सीटवर बसवेना, पालमपर्यंत मी दाराला धरून उभाच आलो.

निकाल लागला तेव्हा मी घरीच होतो. अण्णाच शाळेतून गुण घेऊन आले. इंग्रजीत एकावन्न. एकावन्न! आईनं मीठमोहरी ओवाळली. बहीण स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभी राहिली, हसलीही, पण त्या हसण्यात जीव नव्हता. अण्णांनी पेढा तिच्या हातावर ठेवला, टोपी खुंटीला लावली आणि मला म्हणाले, "आजच मानवतला निरोप धाड. पोरगी पास झाली म्हणावं. तारीख काडू."

माझ्या हातात पेढा तसाच होता. पिंगळीची शाळा, परभणीत एक खोली, रेल्वेनं जाणं-येणं, तिचा फॉर्म, हे सगळं मी चार दिवस मनात शुद्ध भाषेत जुळवून ठेवलं होतं. मी तिला शिक्षणासाठी घेऊन जाऊ इच्छितो, असलं काहीतरी. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"अण्णा, मी तिला परभणीला घेऊन जायलाव. अकरावीला."

अण्णा खुंटीपाशीच थांबले. त्यांनी माझ्या तोंडून हे बोलणं कितीतरी वर्षांनी ऐकलं होतं.

"इचारायलास का सांगायलास?"

दारात ती चौकट सोडून सरळ उभी राहिली.

"सांगायलाव."

अण्णा दोन पावलं पुढं आले. आवाज खाली आणून म्हणाले, "पुन्हा बोल."

मी पुन्हा बोललो. एकही अक्षर सुधारलं नाही.